प्रक्षेपित नेपथ्य आणि खानदेशातील रंगमंच

प्रक्षेपित नेपथ्य : नाट्यप्रयोगातील स्थळ, काळ किंवा वातावरण सूचित करण्यासाठी रंगविलेल्या पडद्याऐवजी अथवा त्याच्या जोडीने, प्रकाशाच्या साहाय्याने पार्श्वपृष्ठावर प्रतिमा उमटविण्याच्या योजनेस प्रक्षेपित नेपथ्य असे म्हणतात. ही प्रतिमा काचपट्टीवरील चित्रासारखी स्थिर असेल किंवा चित्रपटासारखी चल असेल. ती नटाच्या मागील पडद्यावर, पारदर्शक जाळीवर, रंगमंचाच्या तक्तपोशीवर किंवा प्रत्यक्ष नटाच्या अंगावरही पाडता येते. दिव्यापुढे कापलेला पत्रा धरून पाडलेली पानांची अगर खिडकीच्या गजांची छाया हाही याच तंत्राचा साधा प्रकार होय. स्वयंप्रकाशी एलईडी भिंतीत प्रक्षेपण मुळीच होत नाही; तथापि ती त्याच कामासाठी वापरली जात असल्याने तिचा विचारही येथेच करणे सोयीचे ठरते.

जळगाव व धुळे हे जिल्हे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा मिळून होणाऱ्या खानदेशात या तंत्राचा प्रश्न निव्वळ सौंदर्याचा नाही. येथील रंगभूमी मुख्यतः हौशी संस्था, महाविद्यालयीन संघ, गणेशोत्सवातील मंडळे व लोकनाट्याचे फड यांच्या आधारे उभी आहे. लाकडी चौकटी, कॅनव्हास व त्यांची वाहतूक यांचा खर्च अशा संस्थांना जड जातो; म्हणून एका पेटीत मावणारे नेपथ्य त्यांना साहजिकच आकर्षक वाटते. परंतु प्रक्षेपणास काळोख, पुरेसे अंतर व अखंड वीज या तीन गोष्टी लागतात, आणि लहान गावांच्या रंगमंचावर नेमक्या त्याच दुर्मिळ असतात. महानगरातील सुसज्ज नाट्यगृहात झाकून जाणारे या तंत्राचे गुणदोष येथे उघडे पडतात.

पूर्वपीठिका : पडद्यावर प्रकाशाने चित्र पाडण्याची कल्पना भारतास नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पांढऱ्या पडद्यामागे दिवा व बाहुली ठेवून रामायणातील प्रसंग छायारूपाने दाखविले जातात; तत्त्वतः हे पश्चप्रक्षेपणच होय. यूरोपात क्रिस्त्यान हायगेन्झ या डच शास्त्रज्ञाने १६५९ च्या सुमारास भिंगाचा जादूचा कंदील तयार केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या साहाय्याने भुतांच्या आकृती दाखविणारे खेळ पॅरिसमध्ये लोकप्रिय झाले. १८६२ मध्ये लंडन येथे हेन्री डर्क्स यांच्या कल्पनेवरून जॉन हेन्री पेपर यांनी तिरप्या काचेच्या परावर्तनाने रंगमंचावर भूत उभे केले. ‘पेपरचे भूत’ या नावाने ही युक्ती पुढे जगभर पसरली.

महाराष्ट्रात या कंदिलाला स्वतंत्र रूप मिळाले ते कल्याण येथे. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी मदनराव माधवराव पितळे यांच्या सहकार्याने १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाचा खेळ सुरू केला. शांबरिक म्हणजे मायावी आणि खरोलिका म्हणजे कंदील. काचपट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे एकाहून अधिक कंदिलांतून एकाच पडद्यावर पाडून, एक चित्र विझत असता दुसरे उजळवीत, हालचालीचा भास निर्माण केला जाई. सोबत निवेदन, संवाद व गायन असे. ल्यूम्येअर बंधूंचा चलच्चित्रपट मुंबईत दाखविला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे त्यानंतर. पटवर्धन व त्यांच्या मुलांनी हा खेळ गावोगावी नेला. मराठी प्रेक्षक प्रक्षेपित प्रतिमा व जिवंत आवाज यांच्या मिश्रणाला चित्रपटगृहांच्या आधीच सरावला होता, ही गोष्ट नाट्येतिहासात सहसा नोंदली जात नाही.

त्याच काळात मराठी नाटक मात्र उलट दिशेने, म्हणजे वजनाकडे चालले होते. विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सीतास्वयंवराच्या प्रयोगाला मागे एक पडदा पुरला होता. किर्लोस्कर नाटक मंडळीनंतर आणि पारशी-गुजराती मंडळींच्या चढाओढीने राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ असे रंगविलेले पडदे प्रत्येक मंडळीला आवश्यक होऊन बसले. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर या चुलतबंधूंनी या कामात मोठे नाव मिळविले, पुढे पु. श्री. काळे यांनी ललितकलादर्श मंडळीसाठी अधिक वास्तवदर्शी दृश्ये उभी केली. पडद्यांच्या वळकट्या, चौकटी व सामानाच्या पेट्या घेऊन नाटक मंडळ्या रेल्वेने खानदेश-वऱ्हाडच्या दौऱ्यावर येत. भुसावळ हे लोहमार्गांचे मोठे प्रस्थानक व चाळीसगावहून धुळ्यास १९०० मध्ये सुरू झालेला फाटा यांमुळे हा प्रदेश दौऱ्यांस सोयीचा ठरला. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) बालपणाचा काही काळ जळगावात गेला. त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह त्या शहरात आहे. पडदा रंगविणाऱ्या बाबूराव पेंटरांनीच पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. रंगविलेल्या दृश्याकडून प्रकाशाच्या दृश्याकडे जाणारी वाट एकाच माणसाच्या आयुष्यात पुरी झाली, परंतु ती नाट्यगृहाबाहेर पडून.

नाट्यगृहाच्या आत चलच्चित्राचा हेतुपूर्वक उपयोग करण्याचे श्रेय जर्मन दिग्दर्शक एर्व्हीन पिस्काटर (१८९३–१९६६) यांना दिले जाते. १९२७ मधील बर्लिन येथील होप्ला, व्हिर लेबेन या प्रयोगात त्यांनी मजल्यांच्या सांगाड्यामध्ये पडदे बसवून कथानकाच्या काळातील ऐतिहासिक घटना चित्रफितीने दाखविल्या. चेक नेपथ्यकार योसेफ स्वोबोदा (१९२०–२००२) यांनी दिग्दर्शक आल्फ्रेड राडोक यांच्यासमवेत १९५८ च्या ब्रूसेल्स प्रदर्शनात ‘लाटेर्ना माजिका’ हा प्रयोग सादर केला. त्यात पडद्यावरील व प्रत्यक्षातील नर्तक परस्परांशी संवाद साधत. भारतात याच्याशी सर्वांत जवळचे नाते सांगणारा प्रयोग म्हणजे उदयशंकर यांचा कलकत्त्यातील ‘शंकरस्कोप’ (१९७० च्या सुमारास). प्रकाशयोजनाकार तापस सेन (१९२४–२००६) यांनी अंगार (१९५९) या बंगाली नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी शिरण्याचे दृश्य केवळ प्रकाशाने उभे केले. त्यासाठी वापरलेली साधने साधीच होती, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मराठी व्यावसायिक रंगभूमीने तंत्राचा मोठा पल्ला गाठला तो यांत्रिक बाजूने. आचार्य अत्रे यांच्या तो मी नव्हेच (१९६२) या नाटकासाठी केलेला फिरता रंगमंच हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. हा मंच सामानाबरोबर गावोगाव नेला जाई. याउलट घाशीराम कोतवाल (१९७२) या नाटकात ओळीने उभ्या राहिलेल्या नटांचाच पडदा करण्यात आला. प्रक्षेपित व अंकीय प्रतिमांचा भव्य वापर भारतीय रंगमंचावर रुळला तो एकविसाव्या शतकात. फिरोज अब्बास खान दिग्दर्शित मुघल-ए-आझम (२०१६) हे संगीतनाट्य त्याचे ठळक उदाहरण म्हणून सांगता येईल. महानगरांतील असे प्रयोग आणि दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धांचे मंच पाहूनच खानदेशातील संस्थांनाही ‘मागे स्क्रीन हवी’ असे वाटू लागले.

अंतराची अडचण : प्रक्षेपकाच्या भिंगाला एक ठरलेले गुणोत्तर असते, पडद्यापासूनचे अंतर भागिले प्रतिमेची रुंदी म्हणजे हे गुणोत्तर होय. सभागृहांत व महाविद्यालयांत आढळणाऱ्या सामान्य प्रक्षेपकात ते सु. १·५ असते. म्हणजे ३० फूट रुंद पार्श्वपडदा भरावयाचा तर प्रक्षेपक ४५ फूट दूर हवा. पडद्यामागून प्रक्षेपण केल्यास नटाची सावली पडत नाही. म्हणून ती पद्धती उत्तम मानली जाते. परंतु तालुक्याच्या गावातील नाट्यगृहात किंवा शाळेच्या व्यासपीठावर मागील भिंत व पडदा यांत सहा ते दहा फुटांहून अधिक जागा क्वचितच मिळते. ०·५ गुणोत्तराचे लघुपल्ल्याचे भिंग वापरले तरी १५ फूट लागतात. त्याहून कमी पल्ल्याची भिंगे मिळतात, पण ती महाग असतात आणि पडद्याला किंचित सुरकुती पडली तरी त्यांची प्रतिमा वाकडी होते. कापडी पडद्याला सुरकुती पडत नाही असे सहसा घडत नाही.

म्हणून बहुतेक ठिकाणी प्रक्षेपक प्रेक्षागृहात किंवा वरच्या बाजूच्या पाइपावर टांगून समोरून प्रतिमा पाडली जाते. अशा वेळी प्रतिमा वरून तिरपी येत असल्याने समलंबाकार होते; ती यंत्रातील दुरुस्तीने चौकोनी करता येते, मात्र तसे करताना तिचा काही तेजोभाग वाया जातो. नटाने पडद्यापासून किमान सहा-सात फूट पुढे राहावे लागते. मागे सरकल्यास त्याची छाया चित्रावर आणि चित्र त्याच्या कपाळावर उमटते. मुळात २० फूट खोल असलेल्या रंगमंचाचा तिसरा हिस्सा अशा रीतीने निकामी होतो. दहा-बारा पात्रांच्या ग्रामीण नाटकात हा तोटा लहान नसतो.

पश्चप्रक्षेपणासाठी अर्धपारदर्शक पडदा विकत मिळतो. जुने कंदीलवाले साधे पांढरे कापड पाण्याने भिजवून ते काम भागवीत. ओल्या कापडातून प्रकाश अधिक आरपार जातो. कापड वाळू लागले की चित्र मंद होई व पुन्हा पाणी मारावे लागे. फिरत्या चित्रपटांच्या खेळात पडद्याच्या दोन्ही अंगांना प्रेक्षक बसत. मागच्यांना अक्षरे उलटी दिसत, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नसे.

काळोखाची अडचण : प्रक्षेपकाची प्रकाशशक्ती ल्यूमेनमध्ये मोजतात. भाड्याने सहज मिळणारा ५,००० ल्यूमेनचा प्रक्षेपक ३० फूट × १८ फूट पडद्यावर (सु. ५० चौ. मी.) प्रतिमा पाडतो, तेव्हा पडद्यावरील दीपन सु. १०० लक्स इतकेच होते. नटाचा चेहरा शेवटच्या रांगेतून वाचता यावा यासाठी त्यावर साधारणतः ५०० लक्स किंवा अधिक प्रकाश टाकला जातो. या प्रकाशाचा थोडा अंश जरी तक्तपोशीवरून उसळून पडद्यावर गेला, तरी प्रतिमेतील काळा रंग राखाडी होतो व चित्र धुतल्यासारखे दिसते. समोरून सरसकट टाकलेल्या हॅलोजनच्या प्रकाशात प्रक्षेपित नेपथ्य टिकत नाही, याचे कारण एवढेच आहे. उपाय म्हणजे नटावरचा प्रकाश बाजूने, विंगांतून, वरच्या कोनातून घेणे; तक्तपोशीवर काळे कापड अंथरणे; आणि पडद्याच्या खालच्या चार-पाच फुटांत महत्त्वाची प्रतिमा न ठेवणे. थोडक्यात, प्रक्षेपण आणले की संपूर्ण प्रकाशयोजना नव्याने बांधावी लागते. प्रक्षेपकाचे भाडे भरून प्रकाशयोजना जुनीच ठेवणाऱ्या संस्थेच्या पदरी दोन्हीकडून निराशा येते.

खुल्या नाट्यगृहात अडचण वाढते. जळगावात मे महिन्यात सूर्यास्त सायंकाळी सातच्या सुमारास होतो आणि संधिप्रकाश त्यानंतरही रेंगाळतो. आठ वाजण्याच्या आत प्रतिमा नीट दिसण्याची आशा धरू नये. भोवतालच्या रस्त्यांवरील दिवे व समारंभाची रोषणाई यांवर संस्थेचा ताबा नसतो. वाऱ्याने पडदा फुगला की त्यावरील राजवाडा हलू लागतो, आणि प्रेक्षकांत हशा पिकतो. मागे वाऱ्याला वाट राहील अशी विरळ विणीची जाळी पडद्याऐवजी वापरणे हा त्यावरचा व्यवहार्य तोडगा आहे. प्रतिमा किंचित फिकी होते, परंतु स्थिर राहते.

वीज व उष्णता : भुसावळजवळ दीपनगर येथे मोठे औष्णिक वीजकेंद्र असले तरी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राज्याच्या इतर ग्रामीण भागांप्रमाणे खानदेशातील गावांनीही दीर्घ भारनियमन अनुभवले. आता पुरवठा पुष्कळ सुधारला असला, तरी प्रयोगाच्या वेळी जनित्र हाताशी ठेवण्याची सवय टिकून आहे. वीज जाऊन जनित्र सुरू होण्यास काही सेकंद लागतात. इतक्यात साधे दिवे पुन्हा लागतात. विसर्जन दिव्याच्या प्रक्षेपकाला मात्र तो निवून पुन्हा पेट घेईपर्यंत काही मिनिटे लागतात आणि तेवढा काळ नट कोऱ्या पडद्यापुढे उभे राहतात. लेसर-स्रोताच्या प्रक्षेपकात हा विलंब फारसा नसतो. संगणक व प्रक्षेपक यांना बॅटरीचा आधार देणे हा याहून स्वस्त उपाय होय, पण तो आठवतो तो बहुधा पहिल्या फजितीनंतर.

जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात तापमान ४५° से.च्याही वर जाते. बहुतेक प्रक्षेपक ३५° ते ४०° से.पर्यंतच्या हवेत चालण्यासाठी घडविलेले असतात. त्यापुढे ते स्वतःला वाचविण्यासाठी आपोआप बंद होतात. नाट्यगृहाच्या छताखाली, दिव्यांच्या रांगेशेजारी टांगलेल्या यंत्राभोवतीची हवा प्रेक्षागृहाहून आणखी तापलेली असते. उन्हाळी सुट्टीतील बालनाट्य शिबिरांच्या समारोपाला हा धोका विशेष संभवतो. धुळीने जाळी भरली तर तो दुणावतो. प्रयोगाच्या दिवशी सकाळी ब्रशाने जाळी साफ करणे हे काम नेपथ्याच्या यादीत लिहून ठेवावे लागते.

स्पर्धा व तालीम : हौशी संस्थांच्या दृष्टीने राज्य नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी ही वर्षातील महत्त्वाची घटना होय, जळगाव हे या फेरीचे एक केंद्र राहिले आहे. स्पर्धेत नेपथ्य व प्रकाशयोजना यांना स्वतंत्र पारितोषिके असल्याने तांत्रिक बाजूकडे संस्थांचे लक्ष असते. मात्र संघाला रंगमंच हाती मिळतो तो काही तासांपुरता. तेवढ्यात चौकटी उभारणे, दिवे लावणे, ध्वनी तपासणे आणि प्रक्षेपणाची प्रतिमा पडद्यावर बेतणे हे सारे करावे लागते. तालमी शाळेच्या वर्गात किंवा एखाद्या सभागृहात झालेल्या असतात आणि प्रक्षेपकाचे भाडे दिवसावर असल्याने तो तालमीला आणला जात नाही. परिणामी नट व प्रतिमा यांची पहिली भेट परीक्षकांसमोरच होते. संवादात ‘ती पाहा तापी’ असे म्हणताना नटाचे बोट डावीकडे आणि नदी उजवीकडे, असे प्रसंग यातून उद्भवतात.

हा दोष यंत्राचा नव्हे. प्रतिमेला पात्राइतकीच तालीम लागते: तिचा प्रवेश, थांबा व निर्गमन संहितेच्या समासात लिहावे लागतात आणि ते चालविणारा माणूस पहिल्या वाचनापासून संघात असावा लागतो. यंत्र भाड्याचे असले तरी तालमीत भिंतीवर मोठ्या कागदाने प्रतिमेच्या जागा आखून ठेवता येतात व निवेदकाने ‘चित्र आले’, ‘चित्र गेले’ असे पुकारता येते. चित्रफीत एकदा सुरू झाली की ती थांबत नाही. नट एखादे वाक्य विसरला किंवा प्रेक्षकांनी टाळ्यांनी संवाद रोखला, तर जिवंत नाटक थांबते आणि पडद्यावरचे आभाळ पुढे निघून जाते. म्हणून लांब अखंड फितीपेक्षा सूचनेवर पुढे सरकणारे छोटे तुकडे रंगमंचास अधिक मानवतात.

एलईडी भिंत : विवाहसमारंभ, राजकीय सभा व गणेशोत्सव यांसाठी मंडप व ध्वनियोजना पुरविणारे व्यावसायिक आता जिल्ह्याच्या ठिकाणी एलईडी फलकांची भिंतही भाड्याने देतात. तिला काळोख लागत नाही, मागे अंतर लागत नाही आणि नटाची सावलीही पडत नाही. त्यामुळे शालेय स्नेहसंमेलनांत व नृत्यकार्यक्रमांत तिने प्रक्षेपकाला जवळजवळ बाजूला सारले आहे. नाटकात मात्र तिचा अतिरेकी तेजस्वीपणा हीच अडचण ठरते. वर उल्लेखिलेल्या १०० लक्स दीपनाच्या पडद्याची दीप्ती सु. ३० कँडेला प्रति चौ. मी. भरते, ५०० लक्स प्रकाशातील गव्हाळ चेहऱ्याची सु. ५०. सभागृहातील एलईडी भिंत पूर्ण क्षमतेने लावल्यास ती ८०० ते १,००० पर्यंत जाते, व उघड्यावर वापरण्याची त्याच्याही काही पट. अशा भिंतीपुढे उभ्या असलेल्या नटाचा डोळा काळोखात बुडतो आणि त्याची केवळ कडा दिसते. भिंत दहा टक्क्यांच्या आसपास उतरविणे आवश्यक असते. पण फारच खाली उतरविल्यास तिच्या रंगछटा तुटक होतात, आणि पुष्कळदा ती चालविणाऱ्या माणसाला तिची चमक हाच आपल्या मालाचा गुण वाटत असल्याने तो ते करण्यास नाखूष असतो. दिग्दर्शकाने भाडे ठरवितानाच ही गोष्ट बोलून घ्यावी.

साधी साधने : जर्मन रंगतंत्रज्ञ आडोल्फ लिनेबाख यांच्या नावाने ओळखला जाणारा कंदील हा या प्रदेशाच्या गरजांना विशेष जुळणारा आहे. आतून काळ्या केलेल्या पत्र्याच्या पेटीत लहान तंतूचा एकच प्रखर दिवा ठेवतात. पेटीच्या उघड्या बाजूस रंगविलेली काच किंवा पारदर्शक पत्रा बसवितात. भिंग नसते. काचेवरील चित्राची मोठी, किंचित अस्पष्ट छाया अगदी थोड्या अंतरातून पडदाभर पसरते. रेखीव इमारतीसाठी तो निरुपयोगी, परंतु ढग, डोंगररांग, वणवा, पावसाळी आभाळ यांसाठी त्याची अस्पष्टता गुणच ठरते. सातपुड्याची निळसर रेघ आणि तिच्यापुढे सपाट काळे रान एवढेच दाखवावयाचे असेल, तर यापेक्षा अधिक यंत्राची गरज नाही. स्थानिक पत्रेवाला व वायरमन यांच्या मदतीने तो तयार करता येतो. मात्र दिवा फार तापत असल्याने हवेला वाट ठेवणे व पेटी कापडापासून दूर ठेवणे याबाबत हयगय करू नये. कापलेल्या पत्र्याच्या छायाकृती (गोबो) आणि पांढऱ्या पडद्यामागील छायानाट्य हेही याच वर्गात मोडतात. पूर्वस्मृती, स्वप्न किंवा युद्ध यांसारखे प्रसंग छायेने दाखविले तर पात्रसंख्या व वेशभूषा या दोहोंत बचत होते.

प्रतिमेची निवड : खानदेशाच्या स्वतःच्या प्रयोगपरंपरांना मागच्या चित्राची गरज कधी भासली नाही. वहीगायनात कथा गायकांच्या आवाजावर चालते. पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यातील भोवाड्यात मुखवटे घालून देवदेवतांची सोंगे रात्रभर एकामागून एक प्रवेश करतात आणि स्थळ बदलल्याचे वाद्यांच्या चालीवरून उमगते. नंदुरबारकडील सोंगाड्या पार्टीत एका फेरीत गाव बदलते. तमाशाच्या वगातही राजवाडा उभा राहतो तो शब्दांनी. अशा प्रेक्षकापुढे पार्श्वचित्र ठेवताना त्याने शब्दाची जागा घेतली तर नट अनावश्यक होतो, आणि नुसते शब्दाचे भाषांतर केले तर चित्र अनावश्यक होते. शब्द जे सांगत नाही ते दाखविणे एवढेच काम त्याला उरते.

व्यवहारात घडते ते निराळे. आंतरजालावरून उतरवून घेतलेली फुकट चित्रे वापरली जातात. त्यामुळे अहिराणी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मागे पाइनची झाडे आणि बर्फाच्छादित शिखरे दिसतात. कपाशी, केळीची बाग, तापीचे पात्र, धाब्याची घरे ही दृश्ये अर्ध्या तासाच्या अंतरावर उपलब्ध असताना ही आयात खटकते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितांवर आधारलेल्या कार्यक्रमांत जळगावजवळील आसोद्याचा परिसर प्रत्यक्ष छायाचित्रित करून वापरता येण्यासारखा आहे. तेथेही जाते रंगमंचावर खरे असावे व त्याची घरघर ऐकू यावी. ते पडद्यावर दाखविले तर ओवीचा आधारच निघून जातो. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) अनेक दशके आपल्या घराबाहेर क्वचितच पडले. घरातील टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी खरी वाटावीत अशी निसर्गदृश्ये टिपली. नेपथ्यकाराला त्यांच्या टेबल-टॉप छायाचित्रांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. प्रतिमेची विश्वसनीयता छायेची दिशा व वस्तूंचे परस्परप्रमाण यांवर अवलंबून असते, आणि ते दोन्ही घरच्या घरी जुळविता येते. पडद्यावरील सूर्य डावीकडे व नटावरचा दिवा उजवीकडे अशी चूक महागड्या यंत्रालाही झाकता येत नाही.

जतन : प्रक्षेपित नेपथ्याचा आणखी एक प्रश्न त्याच्या अल्पायुष्याचा आहे. पटवर्धनांच्या काचपट्ट्या त्यांच्या कुटुंबाने सांभाळल्यामुळे एकोणिसाव्या शतकातील खेळाचे स्वरूप आज कळू शकते. अलीकडच्या नाटकांची चित्रे संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर असतात. प्रयोग थांबले, यंत्र बदलले की ती पुसली जातात आणि जुन्या पद्धतीच्या फायली उघडेनाशा होतात. संहिता, छायाचित्रे व प्रसिद्धिपत्रके यांबरोबर मूळ प्रतिमा, त्यांचा क्रम आणि प्रक्षेपकाचे अंतर, उंची व भिंग यांची नोंद असलेला कागद संस्थेच्या दप्तरात ठेवला, तर तोच प्रयोग दुसऱ्या गावात व दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभा करता येतो. बहुतेक संस्थांचे दप्तर हे कार्यवाहांच्या घरातील एक कपाट असते, आणि कार्यवाह बदलले की कपाटही बदलते.